आरेमबर्गला लुकलुकलेला दिवा

पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी चढण्याआधी काका गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडायचे. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, म्हणजे डिपस्टिक, पुसायची, परत घालायची, बाहेर काढून उन्हात धरायची. मागच्या सीटवर आम्ही पोरं वैतागायचो. आज जर्मनीत तशीच डिपस्टिक हातात धरून मी उभा होतो.

फ्रँकफर्टहून पहाटे निघालं की दोन तासांच्या आत न्यूरबर्ग. १९२७ साली सुरू झालेला नॉर्डश्लायफं हा तिथला २०.८ किलोमीटरचा रेसिंग ट्रॅक ठरावीक दिवशी पैसे भरून कुणालाही मिळतो. नियम मात्र सार्वजनिक रस्त्याचेच. गाडीतून ऑइल सांडलं तर सफाईचा खर्चही आपल्याच बोकांडी.

माझी टर्बो हॅचबॅक जुनी. ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं, म्हटलं पुरेल. ट्रॅकवर फ्लुगप्लाट्झची उसळी झाली, श्वेडनक्रॉयझचं वेगवान डावं वळण झालं. आरेमबर्गच्या वळणावर करकचून ब्रेक मारून उजवीकडे वळलो आणि ऑइल प्रेशरचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला. पोटात खड्डाच पडला.

डिपस्टिकवरची खूण उभ्या गाडीसाठी असते हे मला तेव्हा उमगलं. ब्रेक दाबला की संपमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या तळटाकीतलं, ऑइल पुढे धावतं, वळणात बाहेरच्या बाजूला चढतं. पंपाची नळी क्षणभर उघडी पडली की ऑइलऐवजी हवा ओढते, आणि बेअरिंग बिचारी कोरडी. (अस्सल रेसिंग गाड्यांत ऑइल वेगळ्या टाकीत ठेवतात, ते यासाठीच.) कारुसेलच्या वळणात उलट धास्ती कमी वाटली. तिथलं काँक्रीट तिरपं असल्याने बराचसा जोर गाडीला खाली दाबण्यात जातो. पण त्याआधीचा केसेलशेनचा लांबलचक चढ! इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा काटा नव्वदवर ढिम्म, ऑइल मात्र १२४ अंशांवर. निम्म्या गाड्यांतला तो कूलंटचा काटा माणसाला गाफील ठेवण्यासाठीच बसवलेला असतो, असं माझं मत झालंय.

शेवटच्या सरळ रस्त्यावर इंजिनाला दम खाऊ दिला आणि पार्किंगमध्ये सपाट जागा शोधली. दहा मिनिटांनी पाहिलं. मग थोडं थोडं करत अर्धा लिटर ओतलं. कूलंटच्या झाकणाला हात लावला नाही. तापलेलं झाकण उघडलं तर वाफेने हात भाजायचा. नुसती टाकीवरची पातळी पाहिली.

काकांना फोन लावला.

"वरच्या खुणेच्या वर नाही ना गेलं?"

"नाही काका, बरोब्बर खुणेवर."

"ते बरं केलंस. जास्त झालं की इंजिनातला फिरता दांडा, क्रँक, त्याला ताकासारखं घुसळतो. फेसाने प्रेशर येत नसतं. आणि ब्रेक ऑइल?"

ते जरा खाली गेलं होतं. भर घालणार होतो, तर म्हणाले, "आधी ब्रेकचे पॅड बघ. झिजले की पातळी उतरतेच."

चाकाच्या आरांतून वाकून पाहिलं. पॅड जेमतेम तीन मिलिमीटर उरले होते. दुसऱ्या लॅपचे पैसे आधीच भरले होते. तरी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि कॉफीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.