पहिलीच्या पालकांनो, जूनच्या याद्या थोड्या बाजूला ठेवा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. जून उजाडला की पालकांचा पहिला प्रश्न, “बाई, काय काय घ्यायचं?” पाटी, पेन्सिल, एकरेघी वही. झालं. 2020 च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीचं दप्तर जास्तीत जास्त 2.2 किलोचं सांगितलंय आणि गृहपाठ नाहीच. तरी काहींची चाकांची बॅग येतेच!

खरी गरज वेगळीच असते. डब्याचं झाकण स्वतः उघडता यावं, चड्डीचं बटण लावता यावं, “बाई, शू लागली” हे न लाजता सांगता यावं. पहिल्या सत्राचा निम्मा अभ्यास हाच.

आज्यांना अ-आ-इ पासून सुरुवात हवी असते. मी ग, म, भ, न घेते, कारण वळणं एकमेकांच्या जवळची आहेत आणि चार अक्षरांत “गगन”, “मन”, “नभ” वाचता येतं. स्वतः वाचलेला पहिला शब्द पोरं वर्गभर ओरडून सांगतात.

दिवाळीनंतर दशक. दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा करायचा. एक मुलगी दर वेळी रबर काढून मोजायची, खरंच दहा आहेत ना! मी मोजू दिलं. डिसेंबरात तिनेच शेजारणीला दटावलं, “सोडू नको गं, दहाच असतात.”

दुसऱ्या सत्रासाठी नवं काही आणू नका. फक्त खोडरबर पुरवा. तो आठवड्याला हरवतो.