वक्तृत्व शिकायचं, पण बी.ए. कशात करायचं?

भाषण, वादविवाद, जाहिरात, थोडक्यात माणसाला एखादी गोष्ट पटते कशी, हे मला शिकायचं होतं. पण पुण्यातल्या आमच्या साध्या संलग्न कॉलेजात 'वक्तृत्व' नावाचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, नाही. मास कम्युनिकेशनसाठी एका खासगी विद्यापीठाची फी बघितली आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. मग ठरवलं, नव्या शैक्षणिक धोरणातल्या बास्केटमधूनच, म्हणजे निवडायला दिलेल्या विषयगटांतूनच, काय जुळतंय ते जुळवायचं.

मेजर मराठी, यात शंका नव्हती. मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला, मानसशास्त्र हवं होतं, पण त्याची प्रात्यक्षिकं नेमकी मराठीच्या तासांवर येत होती. विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "अगं, माहितीपत्रक काय वाचत बसलीस, आधी वेळापत्रक बघ!" नोटीस बोर्डाचा फोटो काढला, घरी वहीत रकाने आखले, एकेक विषय खोडत गेले. उरलं तत्त्वज्ञान. घेतलं, जरा नाराजीनेच.

तिथे न्यायशास्त्र भेटलं. कोर्टकचेरीचं नव्हे, तर्क आणि वादाचं जुनं भारतीय शास्त्र. सत्य शोधण्यासाठी बोलणं तो वाद. जिंकण्यासाठी छलकपटही चालवून घेणारा तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची, ती वितंडा. टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चा यात कुठे बसतात ते सांगायला नकोच. पुढे ॲरिस्टॉटल आला. न्यायशास्त्रात सगळा भर हेतू, म्हणजे कारण, आणि दाखल्यावर. ॲरिस्टॉटलने वक्त्याबद्दलचा विश्वास आणि श्रोत्यांच्या भावना हीसुद्धा पटवण्याची साधनंच मानली. मला दोन्ही हवे आहेत.

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीचा जोडविषय, दुसऱ्या शाखेतूनच घ्यायचं असतं. मैत्रिणी वैतागल्या, मी कॉमर्सकडचं जाहिरातशास्त्र उचललं. सत्राला २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, असतात, त्यामुळे हौसेला जागा थोडीच. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरचा कोर्स घेणार असाल तर त्याचे क्रेडिट कॉलेज धरणार का, हे नाव नोंदवण्याआधी लेखी विचारा. तोंडी 'हो' कोणीही म्हणतं.

प्रत्यक्ष भाषण मात्र यातल्या कुठल्याच पेपरात नाही. त्यासाठी उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ही माला. वक्ता पहिल्या दोन मिनिटांत काय करतो, एवढंच टिपते. बहुतेक जण आभारातच ती घालवतात.

सहाव्या सत्रात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आहे, ४ क्रेडिटचं. विद्यापीठाच्या 'विद्यावाणी' रेडिओवर जमेल का, ते आतापासूनच विचारायचंय.