तुम्ही विचारलंत म्हणून: मैत्रिणींची भीती नाही वाटत?

वाचनालयात पुस्तक बदलायला गेले की टेबलामागच्या बाई हमखास विचारतात, "परत मैत्रिणींच्या दगाबाजीचंच? भीती नाही वाटत हो तुम्हाला मैत्रिणींची?" मी हसून वेळ मारून नेते.

वाटते. पण दग्याची नाही.

अशा थ्रिलरमध्ये खून कुणी केला याचं मला फारसं नसतं. (शेवटची चार पानं मी आधीच वाचून टाकते, तेव्हा आव कशाला आणा!) पुरलेली गोष्ट दोघींना ठाऊक आहे, यात माझा जीव अडकतो.

एक खरीच घडलेली गोष्ट घ्या. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधली पॉलिन पार्कर सोळा वर्षांची, तिची मैत्रीण ज्युलिएट ह्यूम पंधराची. दोघींनी वहीत अख्खं राज्य वसवलेलं, राजघराण्यासकट. ज्युलिएटच्या घरी आईवडिलांचं फाटलं आणि तिला दक्षिण आफ्रिकेला धाडायचं ठरलं. पॉलिनला तिच्यासोबत जायचं होतं. आई सोडणार नाही, हे तिने धरूनच ठेवलेलं. २२ जून १९५४. व्हिक्टोरिया पार्कमध्ये तिघींनी चहा घेतला. मग उताराच्या पायवाटेवर जुन्या स्टॉकिंगमध्ये वीट घालून दोघींनी पॉलिनच्या आईला मारलं. पडली, डोकं आपटलं, असं सांगत धावत परत आल्या.

पॉलिनने आधी सगळं एकटीवर घेतलं. म्हणजे मैत्रीण फुटली नाही. फुटली ती तिची डायरी. बेत त्यात लिहून ठेवलेला होता.

पाच वर्षांनी दोघी सुटल्या. ज्युलिएट पुढे ॲन पेरी या नावाने रहस्यकथा लिहू लागली. पहिली कादंबरी १९७९ची, आणि तीही खुनाचीच. १९९४मध्ये पीटर जॅक्सन यांनी या प्रकरणावर चित्रपट केला, तेव्हा कुठे वाचकांना कळलं की ही बाई कोण. सुटकेपासून तोवर पस्तीस वर्षं गेली होती. तेवढा काळ पॉलिनही कुठेतरी जगतच होती की.

माझं गुपित अगदीच किरकोळ. नववीत प्रगतिपुस्तकावर आईची सही मी ठोकली. मैत्रिणीने शेजारी बसून रद्दी कागदावर वीस वेळा गिरवून घेतली होती. आजतागायत तिने तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही.

परवा ती घरी आली, माझ्या लेकीशी स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजली आणि दोघी खळखळून हसल्या. मी बाहेर मटार सोलत होते. शेंगा परातीत आणि दाणे कचऱ्यात टाकतेय, हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.