पत्ता विचारायचा तर कोबानमध्ये

टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता म्हणजे आधी भागाचं नाव आणि मग आकडे, उदाहरणार्थ ४-१२-७. म्हणजे त्या भागातला चौथा विभाग (इथे त्याला चोमे म्हणतात), त्यातला बारावा ब्लॉक आणि सातव्या नंबरचं घर. १९६२ च्या कायद्याने ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आली. तरी बाराव्या ब्लॉकसमोर रस्त्यापलीकडे तेरावाच असेल याची खात्री नाही. आपल्याकडे 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी' एवढ्यावर माणूस बरोबर दारात येतो. इथे तसं नाही, म्हणून इथे पत्ता विचारण्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही.

विचारायचं कुठे? कोबानमध्ये. ही कोपऱ्यावरची छोटी पोलीस चौकी, दारावर लाल दिवा. टोकियोत त्यांची सुरुवात १८७४ सालची. चौकीची पायरी चढायची म्हटलं की आपल्या छातीत उगाच धडधडतं, पण ती भीती इथे सोडून द्या. इथे पत्ता सांगणं हे पोलिसांचं रोजचं कामच आहे. "सुमिमासेन, कोको वा दोको देस का?" म्हणजे "माफ करा, हे कुठे आहे?" एवढं म्हणून फोनवरचा पत्ता पुढे करायचा.

त्यानंतर जे होतं ते मला फार आवडतं. पोलीसदादा लगेच हात करून दिशा दाखवत नाहीत. आधी उलट विचारतात: "चार चोमे ना?" आणि चार बोटं वर करतात. "घर की दुकान?" मग मोठा नकाशा उघडतात. त्यात एकेक घर आखलेलं असतं, बऱ्याच घरांवर कुटुंबाचं नावही. बोट फिरवत वळणं मोजतात, तुमच्याकडून एकदा वदवून घेतात आणि मगच सोडतात. ठोकून दिलेल्या उत्तरापेक्षा ही दोन मिनिटं कितीतरी मोलाची.

छत्री किंवा पाकीट हरवलं तरी इथेच यायचं. तेव्हाही प्रश्नांची अशीच फैर: कुठे, किती वाजता, रंग कोणता, आत काय होतं? सापडलेली वस्तू साधारण तीन महिने सांभाळून ठेवतात, त्यामुळे आठवडाभराने विचारायलाही संकोच नको.

टोकियोतल्या निशिकासाई भागात आपली बरीच मंडळी राहतात. नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: घरचा पत्ता जपानी लिपीत लिहून पाकिटात ठेवा. कोबानमध्ये कुणी नसेल तर परत फिरू नका. टेबलावर फोन असतो, तो थेट पोलीस ठाण्यात लागतो.