लोटलीचा रविवार

आमच्या घराण्याचा गोवा म्हणजे बांदिवड्याच्या रामनाथीची अग्रशाळा, म्हणजे देवळातली उतरायची जागा. दादरहून रात्रीच्या गाडीने यायचं, अभिषेक, नैवेद्य, फोंड्याच्या बाजारात काजू, की परत. देव मूळचा लोटलीचा, हे गुरुजी दर खेपेला संकल्पाच्याच वेगात सांगून टाकायचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सासष्टीतली देवळं पाडू लागले, तेव्हा रामनाथ जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे आला. तिथे तेव्हा आदिलशाही होती. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून अशीच निघाली. बोरीचा पूल ओलांडला की लोटली. पण तिकडे जावंसं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही.

निवृत्तीनंतर मी फोंड्याला राहायला आलो आणि रविवारी लोटलीच्या ‘बिग फूट’मध्ये हातभार लावू लागलो. जुन्या काळच्या गोव्यातलं खेडं तिथे माणसांच्या पुतळ्यांसकट उभं केलंय. पाहुण्यांना फिरवायचं काम माझ्याकडे. महेंद्र आल्वारिस यांनी १९९४ मध्ये जांभ्या दगडात कोरलेल्या आडव्या मीराबाईपाशी मुलं चक्क गप्प होतात. मोठी माणसं सेल्फी काढतात. फेणी कशी गाळतात हेही मीच सांगतो : बोंडू तुडवायचे, रस आंबवायचा, आधी उर्राक, मग फेणी. आमच्या आजीने हे ऐकलं असतं तर मला जेवायला वेगळं बसवलं असतं.

माझ्यासारखीच मदतीला येणारी लोटलीची एक वयस्क बाई आहे. सगळे तिला आंटी म्हणतात. ती घरची आदोळी, म्हणजे खोवायची विळी, घेऊन येते आणि मुलींना नारळ खोवून दाखवते. पाटावर तिरकी बसते, एक गुडघा वर, वाटी दोन्ही तळव्यांत धरून जरा जरा फिरवत राहते. करवंटीचं काळं खोबऱ्यात उतरलं की जी ओरडते, ती थेट आमच्या चाळीतल्या स्वयंपाकघरातली ओरड.

तिला एकदा रामनाथाची हकिगत सांगितली. ती शांतपणे म्हणाली, “देव गेलो, तुमी गेले. आमी हांगाच उरले.”

मग तिने विचारलं, तुमचा वांगड, म्हणजे गावकारांतलं कूळ, कुठला? मला गोत्र सांगता आलं, कुलदैवत तर आलंच, वांगड नाही. गावकारीतल्या, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीतल्या, हिश्शाचा हिशेब वांगडावर चालायचा, त्यामुळे तिच्या घरात तो अजून तोंडपाठ आहे. देव आम्ही जिवापाड सांभाळला, गाव मात्र पार विसरलो. आणि ज्यांना आमच्याकडे ‘बाटलेले’ म्हणून दोन शब्दांत निकालात काढायचे, त्यांना कुठलं शेत कुणाचं हेही ठाऊक!

दादरच्या चुलतभावाला फोनवर हे सांगितलं. “पण त्या ख्रिश्चन ना?” तो म्हणाला. म्हटलं, हो, आणि कुणी सांगावं, आपल्याच वांगडातल्याही असतील.

यंदा अभिषेकाला येतील तेव्हा सगळ्यांना पूल ओलांडून आणायचं ठरवलंय. आंटीने जेवायला बोलावलंय. वार मात्र सोमवार सोडून धरायला हवा, कारण सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कडी तिने आत्ताच जाहीर करून टाकली आहे.