मॉरिशस ते रॉड्रिग्ज : दीड तासाचं पाणी

तिकिटं काढून देणारा सोलापुरातच म्हणाला होता, "काका, रॉड्रिग्ज मॉरिशसचंच बेट आहे. सकाळी जा, संध्याकाळी परत या." नकाशावर दोन ठिपके शेजारीशेजारी दिसतात खरे, पण या दोन विमानतळांमध्ये जवळजवळ सहाशे किलोमीटर नुसता समुद्र आहे. आपलं मुंबईसुद्धा रेल्वेने साडेचारशेच्या आसपास. हिने तिथेच सांगून टाकलं, "जायचं तर मुक्कामाला."

मॉरिशसमधले किनारे, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, गंगा तलाव सगळं बघितलं. छान आहे, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

रॉड्रिग्जला जातं ते एटीआर ७२, पंख्यांचं विमान. २०२५ च्या जूनपासून आपल्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याला जातं, त्याच जातीचं. सोलापूर-गोवा सरळ रेषेत तीनशे किलोमीटर, वेळ तासाभराचा. रॉड्रिग्ज त्याच्या दुप्पट लांब, तरी दीडच तास. कारण धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं, खाली उतरणं यात जाणारी मिनिटं जवळच्या गावालाही तेवढीच लागतात. जाताना व्यापारी वारे तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात.

काउंटरवरची रांग मात्र मला जन्मभर लक्षात राहील. पर्यटक थोडे, घरी परतणारेच जास्त. कुणाकडे शाळेचे नवे बूट, कुणाकडे मिक्सरचं खोकं. एक बाई वजनकाट्यावरून बॅग उतरवून त्यातली साबणाची पाकिटं एकेक करून नवऱ्याच्या खिशात कोंबत होती.

विमानात शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या, डोळ्यावर पट्टी. आमच्या यजमान काकू मॉरिशसच्या मराठी, घरात क्रिओल बोलणाऱ्या. त्यांच्या मदतीने बोलणं झालं. आजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मॉरिशसला आल्या होत्या. हिला विचारू लागल्या, "तुमच्याकडे मोठं हॉस्पिटल किती लांब?" ही म्हणाली, "गावातच. उलट अक्कलकोट, तुळजापूरची माणसं आमच्याकडे येतात, एसटीने." एसटी म्हणजे काय ते काकूंनी समजावलं, तेव्हा आजींनी विमानाच्या खुर्चीच्या हातावर दोनदा थाप मारली. म्हणजे हीच. पूर्वी जहाजाशिवाय इलाज नव्हता, आणि जहाजाला आजही दिवसभराहून जास्त लागतो. मला एकदम भरून आलं. सोलापूरला विमान कधी सुरू होणार यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो, मोर्चे काढले; पण ते नसताना आपल्याला निदान गाडी तरी होती.

प्लेन कोराय या रॉड्रिग्जच्या विमानतळाची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास, म्हणून मोठं जेट उतरत नाही. म्हणजे खुर्च्या मोजक्याच. अशा विमानात फोटोपुरतं सकाळी जाऊन संध्याकाळी परतायच्या सहली विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तुमच्या त्या दोन खुर्च्यांवर कुणीतरी दवाखान्याला जाणारं असतं.

बेट १०८ चौरस किलोमीटरचं, आपल्या महापालिकेच्या हद्दीपेक्षाही लहान. तरी जाणार असाल तर तीन-चार रात्री राहा, तिथल्याच कुणाच्या घरी उतरा, पोर्ट मथुरिनच्या शनिवारच्या बाजारात मध आणि मिरचीचं लोणचं त्यांच्याकडूनच घ्या. लोणचं तिखट आहे, आपल्या माणसालाही पाणी प्यायला लावणारं.