तुम्ही विचारलंत म्हणून: तापात आकडी आली, आता पुढे मिरगी होणार का?

वर्षातून चार-पाच वेळा तरी मला हा फोन येतो. कुणाच्या तरी बाळाला तापात फिट आलेली असते, कुणीतरी सांगतं की अमकीच्या मुलीला पण यायच्या, तिला विचार, आणि मग रात्री अकरा वाजता फोन. आवाज दबका असतो, घरातले झोपलेले असतात. आधी ताप किती होता, दवाखान्यात काय दिलं हे सगळं सांगून होतं आणि शेवटी खरा प्रश्न बाहेर येतो, "ताई, पुढे जाऊन ह्याला मिरगी नाही ना होणार?"

मी डॉक्टर नाही, पण माझ्या मुलीला तीनदा आकडी आलीय आणि ह्या एका प्रश्नामागे मी दोन वर्षं काढलीत, म्हणून सांगते. मिरगी म्हणजे ताप नसतानाही परत परत फिट येण्याचा आजार, आणि तो बहुतेक नाही होणार. आणि हे "बहुतेक" फार मोठं आहे.

ती चौदा महिन्यांची होती. सांगलीचा जुलै, बाहेर पाऊस, दुपारपासून सर्दी आणि अंग जरा कोमट. मी तिच्यासाठी मऊ भात कालवत होते, ती सासूबाईंच्या मांडीवर होती, आणि त्या एकदम ओरडल्या. डोळे वर गेलेले, अंग लाकडासारखं ताठ, मग हातपाय झटके देतायत, ओठ काळेनिळे, तोंडाला फेस. मला वाटलं गेली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण प्रत्येक आईला त्या क्षणी हेच वाटतं आणि नंतर कुणी बोलून दाखवत नाही. शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या, कुणीतरी नाकाला चप्पल लावली, सासूबाई दातखिळी उघडायला चमचा घालत होत्या आणि त्यात तिचा ओठ फाटला. सगळ्यांनी जीव तोडून केलं, पण त्यातल्या एकाही गोष्टीचा उपयोग नसतो, आणि चमच्याने तर इजाच होते.

दवाखान्यात मी सांगितलं अर्धा तास चालली होती. खरंच तसं वाटत होतं मला. नवऱ्याने नंतर मोबाईलचा कॉल लॉग काढला, सुरू झाल्यावर दिराला लावलेला फोन ७:४१ चा आणि "थांबली रे" सांगायला लावलेला ७:४४ चा. तीन मिनिटं. आणि हा फरक साधा नाही, कारण पुढची सगळी उत्तरं त्या मिनिटांवर ठरतात.

पहिल्या डॉक्टरांनी ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी), एमआरआय आणि दोन वर्षं रोज घ्यायचं फिटचं औषध असं सगळं लिहून दिलं, जास्त काही समजावलं नाही. दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी तो कॉल लॉग बघितला, सगळं नीट विचारलं आणि म्हणाले की ही साधी तापातली फिट आहे. साधी म्हणजे काय, तर सहा महिने ते पाच वर्षं ह्या वयातली, दोन्ही बाजूंचं अंग हलणारी, १५ मिनिटांच्या आत थांबणारी, आणि २४ तासांत परत न येणारी. मूल त्याआधी आणि नंतर ठीक असेल तर अशा फिटसाठी ईईजी किंवा एमआरआयची सहसा गरज नसते, शोधायचं असतं ते तापाचं कारण, आणि मेंदूज्वर नाही ना एवढं बघायचं असतं. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना आयुष्यात एकदा तरी तापात फिट येते. मला तोपर्यंत वाटायचं अख्ख्या सांगलीत आमच्याच घरात हे झालंय.

आता मिरगीचे आकडे. अमेरिकेत नेल्सन आणि एलनबर्ग ह्या दोन संशोधकांनी तापात फिट आलेल्या १७०६ मुलांवर सातव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं, ते १९७६ साली छापून आलं. सात वर्षांपर्यंत मिरगी निघाली साधारण २ टक्के मुलांना. ज्यांना तापात कधीच फिट आली नव्हती त्यांच्यात अर्धा टक्का, आणि मूल आधीपासून ठणठणीत आणि फिट साधी असेल तर १ टक्क्याच्या थोडं वर. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण शंभरातली अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव पोरं मोकळी राहतात.

पण सगळ्यांना हेच सांगून मी फोन ठेवत नाही, कारण काही मुलांचं वेगळं असतं. फिट लांबली, किंवा अंगाच्या एकाच बाजूला आली, किंवा एका दिवसात दोनदा आली, ह्या तीन खुणा. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यातल्या १९८७ सालच्या अभ्यासात मुलं पंचवीस वर्षांची होईपर्यंत बघितलं, तर साध्या फिटवाल्यांमध्ये २.४ टक्के, आणि तिन्ही खुणा एकत्र असलेल्या मोजक्या मुलांमध्ये जवळजवळ निम्म्यांना मिरगी झाली. आईवडील किंवा भावंडांत मिरगी असेल, मुलाची वाढ मागे असेल, तरी धोका चढतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला हलक्या तापात किंवा नुसत्या गरम पाण्याच्या आंघोळीने लांब फिटा परत परत येत असतील तर लगेच मुलांच्या न्यूरोलॉजिस्टकडे (मेंदूच्या डॉक्टरांकडे) जा. तिथे "होतं असं" म्हणून थांबू नका.

तापात परत आकडी येणं मात्र वेगळी गोष्ट आहे, ती येऊ शकते, तीनातल्या एका मुलाला येतेच, पहिली वर्षाच्या आत आली असेल तर निम्म्यांना. आमच्या मुलीला अडीचाव्या वर्षी आली आणि चौथ्या वर्षी आली. दुसऱ्या वेळी मी खचले होते, वाटलं झालं, ही मिरगीच. नव्हती, तीही साधीच होती.

आणि हे ऐका, कारण आया स्वतःला फार दोष देतात. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या असत्या तर, पॅरासिटामॉल वेळेवर दिलं असतं तर. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं म्हणून जरूर द्या, पण त्याने फिट टळते असं दिसलेलं नाही. कितीतरी वेळा फिट आधी येते आणि ताप आहे हे नंतर कळतं. रोजच्या औषधाने तापातल्या फिटा कमी होतात, पण पुढची मिरगी टळते असंही दिसलेलं नाही, आणि त्या औषधांनी काही मुलं चिडचिडी होतात, काही सुस्तावतात. आमच्याकडे ते औषध सुरूच झालं नाही. (तुमच्या बाळाचं चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

फोनवरचा आवाज दबका का असतो हे मला माहितीय. आमच्याकडेही एका जवळच्या बाईंनी सांगितलं होतं, मुलीची जात आहे, बाहेर बोलू नकोस, उद्या लग्नाला अडचण येईल. मुलगी चौदा महिन्यांची! हिंदू विवाह कायद्यातसुद्धा १९७६ पासून मिरगी लग्नाच्या आड येत होती, तो शब्द १९९९ मध्ये काढला. कायद्यातून गेला पण घराघरातून गेलेला नाही. आणि समजा शंभरातल्या त्या एक-दोन मुलांत आपलं मूल निघालंच, तरी मिरगीच्या दहातल्या सात रुग्णांच्या फिटा योग्य औषधाने थांबू शकतात. लपवल्याने काय होतं, तर पाळणाघरातल्या ताईंना माहीत नसतं आणि ऐन वेळी त्या चमचा शोधत बसतात.

म्हणून मी सगळ्यांना सांगितलं. पाळणाघर, बालवाडी, आजोळ, रिक्षावाले काका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकात मारायचा, फिट थांबवणारा मिडाझोलामचा स्प्रे, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेला, आणि थेट दवाखाना. थांबल्यावरही मूल नीट जागं होत नसेल, मान कडक वाटत असेल, सारखं उलटी करत असेल तर वाट बघू नका. पहिली फिट असेल तर कितीही छोटी असो, त्याच दिवशी दाखवा.

जमलं तर कुणालातरी व्हिडिओ काढायला सांगा. क्रूर वाटतं, मला पण वाटलं होतं, पण तिसऱ्या वेळी नवऱ्याने काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ बघून डॉक्टरांनी लगेच सांगितलं की दोन्ही बाजू सारख्या हलतायत.

मुलगी आता नववीत आहे. चौथ्या वर्षानंतर एकदाही नाही. तिच्या जुन्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यातला स्प्रे परवा सापडला, त्याची तारीख कधीच उलटून गेली होती. तुम्ही आणलेल्या स्प्रेवरची तारीख आजच बघून ठेवा.